सिमवाली पाटी

पुस्तकाचं पान दुमडणाऱ्याला बाई जन्मभर रानटी म्हणत आल्या. छापखान्यात अडतीस वर्षं त्यांनी मुद्रितं तपासली, आणि त्या काळात ऱ्हस्व-दीर्घावरून किती लेखकांना रडवलं याची गणती नाही. त्याच बाईंनी वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी स्वयंपाकघरातली सुरी घेतली, सहाशे पानांच्या कादंबरीची शिवण कापली, पाठीचा डिंक खरवडला आणि सोळा-सोळा पानांचे फर्मे सुटे करून ओट्यावर मांडले. स्वतःबद्दल त्या दिवशी त्यांचं मत फार वाईट झालं, आणि इतरांबद्दल ते आधीपासूनच वाईट असल्यामुळे जगात बरं म्हणावं असं कोणी उरलंच नाही.

कारण होतं डायलिसिस. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सात ते अकरा, इस्पितळाच्या तळमजल्यावर. डाव्या हातात दोन सुया. तो हात चार तास ओंडक्यासारखा पडून राहायला हवा, जरा हलला की यंत्र बोंब ठोकतं. म्हणजे पुस्तक उजव्या हातानं धरायचं आणि पानही त्याच हातानं उलटायचं. सहाशे पानांचं धूड एकदा छातीवर पडलं, एकदा हनुवटीवर, आणि तिसऱ्यांदा नेमकं सुयांवर. यंत्र किंचाळलं. सिस्टर धावत आली, सुया नीट केल्या आणि म्हणाली, "आजी, पुढच्या वेळेपासून पुस्तक बंद. मोबाइल बघत जा ना. सगळे बघतात."

'आजी' या शब्दावर बाई थिजल्या. लग्न नाही, मूल नाही. आजी व्हायला लागणारी एकही पायरी त्या चढल्या नव्हत्या, तरी ही पोर त्यांना थेट माळ्यावर बसवून मोकळी झाली. आणि 'सगळे बघतात' म्हणे! सगळे म्हणजे कोण, तर समोरच्या भिंतीकडेचा एक घोरणारा वकील आणि शेजारच्या खाटेवरचा ट्रकवाला. हा ट्रकवाला तीस वर्षं माल वाहून थकला होता. आता पडल्या पडल्या फोन पोटावर ठेवून मोठ्या आवाजात कसले कसले कार्यक्रम ऐकत असे. साखरेनं त्याचे डोळे अधू केले होते, त्यामुळे बघण्यापेक्षा ऐकणंच जास्त.

सुट्या फर्म्यांवर दोन आठवडे निभले. मग एका शनिवारी पंख्याच्या वाऱ्यानं सातवा फर्मा उडाला. बाईंनी चौकशी केली. ट्रकवाल्यानं तो उचलून, चार घड्या घालून, आपल्या डगमगत्या स्टुलाच्या पायाखाली सारला होता.

"तुमचा होता होय?" तो म्हणाला. "मला वाटलं रद्दी."

काही माणसांवर रागावणं म्हणजे राग वाया घालवणं, असं बाईंचं मत होतं. घरी आल्यावर त्यांनी भावाला फोन केला आणि सांगितलं, की त्या पुस्तकं वाचायच्या पाट्या मिळतात ना हल्ली, तळहाताएवढ्या, तसली एक घ्यायची आहे.

त्यांनी फक्त कळवलं होतं. भावानं ते आमंत्रण समजून बुधवारी संध्याकाळी बायको आणि मुलासकट येऊन बैठक मांडली. भाऊ सहा वर्षांनी धाकटा. निवृत्त झाल्यापासून त्यानं मत देण्याची नोकरी धरली होती आणि तिथे त्याला सुटी नव्हती. भावजय कुठल्याही विषयावर शेजारणीचा दाखला देणारी. आणि भाचा, वय बत्तीस, कसल्याशा कंपनीत दिवसभर पडद्याकडे बघायच्या कामाला. त्यानं येताना तक्ता करून आणला होता.

"आत्या, पर्याय दोनच आहेत," त्यानं लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. "एक नुसतं वायफायवालं, दुसरं वायफाय आणि सिम दोन्ही असलेलं. पडदा तोच, वजन तेच, पान उलटायला अंगठा पुरतो. फरक इतकाच, की पुस्तक आत येणार कुठून."

"कुठून?"

"वायफायवाल्याला घरात वायफाय लागतं. तुझ्याकडे नाही, आणि तुझा फोन बटणांचा. मग एक तर मी इथे लावून देतो. नाहीतर तू यादी करून ठेव, रविवारी मी येईन आणि माझ्या फोनवरून भरून देईन. सिमवाल्याला काहीच लागत नाही. कंपनीनंच आत सिम बसवलेलं असतं, महिन्याचं बिलही नाही. पण ते घेऊ नये असं माझं म्हणणं आहे."

"का?"

"ते जुन्या नेटवर्कवर चालतं. ते नेटवर्क हळूहळू सगळीकडे बंद होतंय. म्हणून तर तसली पाटी आता नव्यानं कोणी बनवत नाही, दुकानात उरल्यासुरल्या आहेत त्याच खपवतात. वर्षभर चालेल, नाहीतर सहा महिन्यांत राम म्हणेल."

यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं आणि बाईंना नेमका त्याचाच संताप आला. मग त्यांनी त्या सगळ्यातून एकच वाक्य उचललं. रविवारी मी येईन! या पोराचे रविवार त्यांना पाठ होते. मागच्या रविवारी आला होता तो कसल्याशा अर्जावर साक्षीदार म्हणून सही हवी होती म्हणून, आणि त्याच्या आधीचा रविवार सात महिन्यांपूर्वीचा, गाडी यांच्याच गल्लीच्या तोंडाशी बंद पडली होती म्हणून. याच्या रविवारावर वाचायचं म्हणजे वर्षाला दीड पुस्तक.

"मी म्हणतो, इतकी चर्चा कशाला?" भाऊ म्हणाला. "ताई, वायफायवालं घे, एकदाच तीनशे पुस्तकं भरून टाक. मग नेट लागतंय कुणाला?"

"कुठली तीनशे?"

"कुठली का असेनात! वेळ जाण्याशी मतलब."

बाईंनी भावाकडे असं पाहिलं, की जणू तो कुणी अनोळखी गृहस्थ चुकून घरात शिरला आहे. "वेळ घालवायला लोक नखं खातात," त्या म्हणाल्या. "तूही खा. स्वस्त पडतं."

"वन्सं, आमच्या शेजारणीनं घेतलं होतं हो तसलं," भावजयीनं समेट घडवायच्या आवाजात सांगितलं. "महिन्याभरात बंद पडलं. आता भाजी चिरायला घेतात. चांगलं गुळगुळीत असतं."

बाईंनी अर्धा कप चहा घेतला, कारण डॉक्टरांनी तेवढाच सांगितला होता. बाकीच्यांना त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

शनिवारी भाच्यानं अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि डायलिसिसनंतर त्यांना परस्पर दुकानात नेलं. हे त्यानं न सांगता केलं होतं, पण ते लक्षात घेण्याची बाईंची इच्छा नव्हती. दुकानाच्या पाटीवर लिहिलं होतं, 'सर्व प्रकारची दुरूस्ती करून मिळेल.' दुरुस्तीतला 'रु' ज्यांना दुरुस्त करता येत नाही, ते दुकानदार काय दिवे लावणार, असं मनाशी म्हणत बाई आत शिरल्या.

विक्रेता केसांना तेल चोपडलेला, हसरा आणि नको तितका जवळ येणारा होता. "या मॅडम! नातवासाठी का?"

"मला स्वतःसाठी. मला वाचता येतं."

"अरे वा! मग तर सिमवालंच घ्या. दोनच पीस राहिलेत. कुठेही बसा, बटण दाबा, पुस्तक हजर. घरात, गच्चीवर, जंगलात."

"जंगलात कोण पुस्तकं विकत घेतं?"

"म्हणजे एक सांगायचं म्हणून, मॅडम."

"त्या नेटवर्कचं काय?" भाच्यानं मध्येच विचारलं. "ते कधीपर्यंत चालू आहे, लेखी देता का?"

विक्रेत्यानं खांदे उडवले. "लेखी तर सर, उद्या सूर्य उगवेल हेपण कोणी देत नाही."

"बघितलंस?" भाचा आत्याकडे वळला. "ऐक माझं. वायफायवालं घेऊ. स्वस्तही पडतं. पुस्तकं मी देईन भरून, शब्द देतो."

इथे बाईंनी गप्प राहून वायफायवालं उचललं असतं, तर पुढचं काही घडलं नसतं. पण चार तास सुया टोचून घेतलेल्या, डोकं हलकं झालेलं, आणि समोर एक हसरा मूर्ख आणि एक शहाणपणाचा पुतळा. त्यांना शहाण्याचाच जास्त राग आला.

"तू भरून देणार?" त्या दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "तू उभ्या जन्मात एक पुस्तक शेवटपर्यंत वाचलेलं मी पाहिलं नाही. शाळेतलंसुद्धा. पोहता न येणाऱ्यानं मला नदी दाखवायची? आणि शब्द कसला देतोस? तुला शब्द नीट लिहिता तरी येतो का?"

भाच्याचे कान लाल झाले. विक्रेत्यानं नजर काचेखालच्या मालाकडे नेली, पण कान इकडेच ठेवले. बाईंनी सिमवाल्या पाटीचे पैसे मोजले. भाच्यानं ती खोक्यातून काढून सुरू केली आणि अक्षरं मोठी करून दाखवली. बाईंकडे ईमेल नव्हतं, म्हणून स्वतःच्या ईमेलवर त्यांचं खातं उघडून दिलं. मग त्यांना घरी सोडलं, जिना चढेपर्यंत सोबत आला आणि दाराशी म्हणाला, "काही अडलं तर फोन कर."

"अडणार नाही," बाई म्हणाल्या आणि दार लावलं.

आणि खरंच अडलं नाही. चार महिने ती पाटी अशी चालली, की बाईंना जगाबद्दलचं मत थोडं बदलावं लागेल अशी भीती वाटू लागली. रात्रीचं जेवण उरकलं की त्या खिडकीशी बसत, बटण दाबत आणि कुणाला न विचारता, कुणाचे आभार न मानता पुस्तक आत येई. तळमजल्यावर उजव्या हाताच्या अंगठ्यानं पान सरे. डावा हात ओंडका तो ओंडका. पाटीवरच्या पुस्तकांत चुका ढीगभर होत्या आणि समासात लिहायची सोय नव्हती, तेवढा एक सल. मग त्या उशाशी वही ठेवून चुका टिपू लागल्या. कुणासाठी, हे त्यांनाही माहीत नव्हतं. भावाचा फोन आला की त्या मुद्दाम सांगत, "कुणाच्या पाया पडावं लागत नाही रे. तुझ्या चिरंजीवांना सांग." भाऊ सांगत असे की नाही कोण जाणे. भाचा या चार महिन्यांत एकदाही आला नाही. बाईंनी स्वतःशी म्हटलं, आपलं अनुमान बरोबरच होतं. रविवारी येणारं हे पात्रच नव्हे.

पाचव्या महिन्यात एका सकाळी पाटीवर चौकट उमटली. 'आपल्या भागातील मोबाइल सेवा कायमची थांबवण्यात आली आहे. कृपया वायफायशी जोडा.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. शुद्धलेखन निर्दोष होतं, त्यामुळे तिथेही काही करता आलं नाही.

त्या रिक्षा करून दुकानात गेल्या. तोच विक्रेता, तेच तेल. "मॅडम, यात वायफाय आहे की! घरच्या वायफायला जोडा."

"घरी वायफाय असतं तर मी तुमचं तोंड दुसऱ्यांदा पाहिलं असतं का?"

"पण तुमच्या मुलानं त्या दिवशी सांगितलंच होतं ना, हे बंद होणार म्हणून. मला तर तेव्हाच पटलं होतं."

"तो मुलगा नाही, भाचा आहे," बाई म्हणाल्या. त्या दिवशी तेवढी एकच चूक त्यांना दुरुस्त करता आली.

घरी येऊन त्यांनी फोन हातात घेतला आणि परत ठेवला. 'अडणार नाही' हे शब्द त्यांचेच होते, आणि ज्या बाईंनी दुसऱ्यांचा अनुस्वार गिळू दिला नाही, त्यांना स्वतःचे शब्द गिळायचे म्हणजे काय, ते त्यांनाच ठाऊक. त्या पाटीवर होती तीच पुस्तकं पुन्हा वाचू लागल्या. भावाचा फोन आला. "पाटी कशी चाललीय?" "उत्तम," त्या म्हणाल्या. लागोपाठ तीन आठवडे तीनदा म्हणाल्या. खोटं बोलणाऱ्यांची त्यांना पहिल्यापासून घृणा होती. आता ती घृणा घरातच राहायला आली.

चौथ्या आठवड्यात, मंगळवारी, शेजारच्या खाटेवरून आवाज आला. "ताई, पाटी बिघडली का?"

"का?"

"आधी तुम्ही वाचता वाचता शिव्या घालायचा. 'गाढवा, इकार दीर्घ', असलं काय काय. तीन आठवडे झाले, तुम्ही गप आहात. मला चुकल्यासारखं होतंय."

आपण पुटपुटतो हे बाईंना माहीत नव्हतं. त्या इतक्या खजील झाल्या, की त्या भरात खरं सांगून बसल्या. सिम मेलं, वायफाय नाही, नवं पुस्तक येत नाही.

"एवढंच?" ट्रकवाल्यानं पोटावरचा फोन उचलला. "माझी खाट दारापाशी, इथे रेंज येते. माझ्या फोनवरून घ्या. सिस्टर जोडून देईल, तिला येतं सगळं."

ज्या माणसानं छापील फर्म्यानं स्टूल टेकवलं, त्याच्याकडून पुस्तक घ्यायचं! बाईंच्या मनात हा विचार आला, नाही असं नाही. पण त्यांच्या वहीत अकरा नावांची यादी तयार होती आणि अंगठ्याला काम नव्हतं.

"फक्त एक करा," तो पुढे म्हणाला. "तुमच्या पुस्तकांबरोबर एक माझ्यासाठी घ्या आणि मला सांगा काय होतं ते. माल भरायला ट्रक लागला की दिवस-दिवस थांबावं लागायचं. तेव्हा मी ती खुनाची मालिका वाचायचो, इन्स्पेक्टरची. तेरा भाग वाचले. चौदाव्यात गोदामात एका बाईचा खून होतो. शेवटाला आलो, आणि बघतो तर काय, पुढची पानंच नाहीत."

"फाटली होती?"

"नाही हो, नवीकोरी प्रत. बांधलीच नव्हती. पान एकशे शहात्तरनंतर एकदम पुठ्ठा. दुकानदार म्हणाला, बदलून देतो, पण मला ट्रक घेऊन निघायचं होतं. मग डोळे गेले. अकरा वर्षं झाली, त्या बाईला कुणी मारलं ते मला अजून कळलेलं नाही."

बाई उशीवरून जरा वर सरकल्या. एकशे शहात्तर, म्हणजे सोळा अकरे. शेवटचा फर्मा राहिला होता. बांधणाऱ्यानं शेवटचा फर्मा न लावता पुस्तक बाहेर सोडलं होतं, आणि कुणाच्याही ते ध्यानात आलं नव्हतं. असल्या माणसाला त्यांच्या छापखान्यात दुसऱ्या दिवशी उभं केलं नसतं. खुनाच्या कादंबऱ्यांना त्या पुस्तक म्हणत नसत, लेखकाला लेखक म्हणत नसत, आणि ट्रकवाल्याला वाचक म्हणायचं तर जीभ रेटत नव्हती. पण हा गुन्हा त्यांच्या धंद्यातला होता.

"नाव सांगा," त्या म्हणाल्या. "सिस्टर, इकडे या जरा."

ते पुस्तक त्यांनी बुधवारी घरी वाचून काढलं. दर पानाला त्यांचा जीव वर-खाली होत होता, पण रहस्यामुळे नव्हे. गुरुवारी सुया लागल्या आणि ट्रकवाल्यानं फोन बंद करून बाजूला ठेवला. "हं. कोण आहे खुनी?"

"असं नाही. पहिल्यापासून सांगणार. किती भिकार आहे ते कळायला हवं."

आणि बाईंनी सुरुवात केली. इन्स्पेक्टरच्या डाव्या खांद्यात तिसऱ्या प्रकरणात गोळी लागते आणि चौथ्यात तो त्याच हातानं खिडकीच्या गजाला लोंबकळतो, हे त्यांनी असं काही सांगितलं, की ट्रकवाला हसताना त्याचं यंत्र बोंबललं. मग आली गोदामाच्या मालकाची चहा आवडणारी बहीण. "ही बाई साठाव्या पानावर मरते. रीतसर. डॉक्टर येतो, चादर ओढतात. एकशे बाराव्या पानावर ती उठून इन्स्पेक्टरला चहा देते. साखर किती, हेही विचारते!"

"मग? तो काय म्हणतो?" कोपऱ्यातून प्रश्न आला. घोरणारा वकील जागा होता.

"दोन चमचे म्हणतो. त्याला काय, फुकटचा मिळाला तर मेलेल्याचाही चालतो."

सिस्टरनं भिंतीवरच्या टीव्हीचा आवाज बंद केला. पुढच्या खाटेवरच्या एका शिक्षिकेनं शेजारी खुर्चीत बसलेल्या नवऱ्याला गप्प बसायला सांगितलं. बाईंनी त्या दिवशी लेखकाची, छापणाऱ्याची आणि असली पुस्तकं वाचणाऱ्यांची इतकी सालटी काढली, की अकरा कधी वाजले कुणाला कळलं नाही. शेवटची वीस पानं राहिली. ती शनिवारी सांगायची ठरली.

शनिवारी पावणेदहाच्या सुमाराला, गोष्ट ऐन रंगात असताना, तळमजल्याचं दार ढकलून भाचा आत आला. घामाघूम. सरळ आत्याच्या खाटेशी येऊन उभा राहिला.

"आत्या, तुझी पाटी चोरीला गेलीय का?"

"ही काय माझ्या हातात."

"मग तुझ्या खात्यावरून खुनाची कादंबरी कुणी घेतली?"

वकिलानं मान वर केली.

"तुला काय ठाऊक?" बाई म्हणाल्या.

"खातं माझ्या ईमेलवर आहे, आत्या. तू पुस्तक घेतलंस की मला निरोप येतो. चार महिने येत होते. नेटवर्क बंद झालं तेही मला कळलं. म्हटलं, आता आत्याचा फोन येईल. एक आठवडा गेला, दुसरा गेला. मग मंगळवारी एकदम बारा पुस्तकं, आणि त्यात हे. मला वाटलं, एक तर पाटी चोरांनी नेली, नाहीतर... तुझ्या डोक्यावर परिणाम झाला."

"तीन आठवडे नुसती वाट बघितलीस?"

"तूच म्हणाली होतीस ना, अडणार नाही म्हणून."

बाईंनी विषयाची दुसरी बाजू धरली. "म्हणजे मी काय वाचते ते तू चार महिने चोरून बघत होतास?"

"चोरून कशाला? तीच पुस्तकं माझ्या फोनवरही उघडतात. मी वाचली त्यातली दोन. म्हणजे एक पूर्ण आणि एक अर्धं."

"अर्धं!" बाई म्हणाल्या. जेवढा तिरस्कार त्या एका शब्दात मावेल तेवढा त्यांनी भरला. पण पोरगं दीड पुस्तक वाचून बसलं होतं, न सांगता, न मिरवता, आणि त्या दुकानातलं वाक्य आता परत घेता येणार नव्हतं. त्यांनी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

"ताई," ट्रकवाला कळवळून म्हणाला, "भांडण नंतर. खुनी कोण?"

"बस तिथे स्टुलावर," बाईंनी भाच्याला सांगितलं. "मध्ये बोलू नकोस."

तो बसला. बाईंनी उरलेली पानं सांगितली. गोदामात धाड पडते, दिवे जातात, इन्स्पेक्टर काडी ओढतो, आणि पोत्यांच्या थप्पीमागून बाहेर येतो तो वजनकाट्यावरचा कारकून. सगळ्या पुस्तकात त्याचं एकदाच नाव आलेलं, तेही चुकीचं छापलेलं. खून का केला? खून झालेल्या त्या मालकिणीनं त्याला एकदा 'ए' म्हणून हाक मारली होती.

"काट्यावाला?" ट्रकवाला म्हणाला. "अकरा वर्षं मी समजत होतो, इन्स्पेक्टरच. मी किती जणांना सांगितलं तसं! हे काय हे? यापेक्षा न कळलेलं बरं होतं."

"मी गुरुवारीच म्हटलं होतं, भिकार आहे."

ट्रकवाल्यानं त्यांच्या पाटीकडे मान वळवली. मग म्हणाला, "पंधरावा भाग आहे का त्यात?"

अकराला सुया निघाल्या. बारा पुस्तकं आपल्या फोनवरून आली, हे ट्रकवाल्यानं निघताना भाच्याला ऐकवलं. भाच्यानं बाईंना गाडीत बसवलं. अर्ध्या वाटेवर त्यानं विचारलं, "आत्या, मी या आठवड्यात येऊन घरी वायफाय लावून देऊ का? एक छोटं खोकं, भिंतीला. मग कुणाची गरज नाही. बटण दाबलं की पुस्तक, पूर्वीसारखं."

बाई काचेतून बाहेर बघत होत्या. खोकं लावलं की कुणाची गरज नाही, हे खरं होतं. पोरगं पुन्हा बरोबर बोलत होतं.

"भिंतीला ते लुकलुकणारं डबडं नको," त्या म्हणाल्या. "तुझ्या फोनवरून भर. रविवारी ये. दहाला. सव्वादहाला आलास तर दार उघडणार नाही."

"ट्रकवाल्यांच्या फोनवरून होतंय की आता."

"त्यांच्याशी मंगळवार, गुरुवार, शनिवार बोलते तेवढं पुरे. तू येणार आहेस की नाही ते सांग."

"येतो," तो म्हणाला.

रविवारी तो दहा वाजून चाळीस मिनिटांनी आला. बाईंनी दोनदा बेल वाजू दिली, मग दार उघडलं आणि घड्याळाकडे बघितलं. त्यानं फोन पाटीला जोडला, वही पुढ्यात घेतली आणि एकेक नाव टाइप करू लागला. तिसरं नाव काही केल्या सापडेना. त्यानं दोनदा टाकलं, तीनदा टाकलं.

"हे पुस्तकच नाहीये यांच्याकडे," तो म्हणाला.

बाई चष्मा सारखा करत त्याच्या खांद्यावरून वाकल्या.

"आहे. तू दुसरी वेलांटी पहिली काढलीयस. चार अक्षरांचं नाव, त्यात दोन चुका. सरक तिकडे." आणि त्या त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या.